ई-स्पोर्ट्सचा प्रेक्षक आणि प्रदेशांची चुरस

ई-स्पोर्ट्स म्हणजे ठरलेल्या नियमांनी, पंचांच्या देखरेखीखाली आणि बक्षिसासाठी खेळले जाणारे व्हिडिओ गेमचे सामने. हे सामने सभागृहात किंवा स्टेडियममध्ये भरतात तेव्हा समोर जमणारी गर्दी, तिचा खेळावर पडणारा प्रभाव, आणि देश, शहर किंवा भाषेच्या नात्याने एखाद्या संघाला ‘आपला’ मानून चालणारी चुरस, एवढा या नोंदीचा विषय आहे.

मराठवाड्यात गर्दीपुढचा खेळ म्हटला की कुस्तीचा फड डोळ्यांपुढे येतो. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तिथे मातीत जोड लागली, हलगी कडाडली, की कडेला उकिडवा बसलेला म्हातारा पैलवानाला ओरडून सांगतो, ‘पट काढ, पट!’ यात गैर काहीच नाही. म्हाताऱ्याला जे दिसते तेच पैलवानालाही दिसते, आणि समोरचा गडीही ते ऐकून सावध होतो. ई-स्पोर्ट्समध्ये हा हिशेब उलटा आहे. इथे प्रेक्षकाला खेळाडूपेक्षा जास्त दिसते. गर्दीविषयीचे बहुतेक नियम आणि वाद या एका गोष्टीतून निघाले आहेत.

गर्दीला काय दिसते

काउंटर-स्ट्राइक हा पाच विरुद्ध पाच असा बंदुकांचा खेळ. प्रत्येक खेळाडूला फक्त आपल्या पात्राच्या डोळ्यांपुढचे दिसते. भिंतीआड कोण दबा धरून बसले आहे ते पावलांच्या आवाजावरून, सोबत्यांच्या सांगण्यावरून आणि अनुभवाने ताडायचे. सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर मात्र भिंतीआडचे गडीही रंगीत आकृत्यांच्या रूपात दाखवतात, म्हणजे डाव कसा रचला जातोय ते प्रेक्षकाला कळावे. आता एक खेळाडू दाराशी आला. त्याच्या बंदुकीची नेमखूण भिंतीवरून सरकत गेली आणि पलीकडे लपलेल्याच्या बरोबर डोक्यावरून पुढे निघून गेली. त्याच क्षणी हजारो माणसांच्या तोंडून ‘ओऽऽ’ निघते. मुद्दाम खूण करायचा कुणाचा हेतू नसतो. पण ती लाट खेळाडूच्या कानावर गेली, तर भिंतीपलीकडे कुणीतरी आहे हे त्याला आयते कळते. काही जण तर जाणूनबुजून ओरडून जागा सांगतात. ते सरळसरळ खेळ नासवणे आहे.

यावर उपाय दोन तऱ्हेचे झाले. काउंटर-स्ट्राइकच्या स्पर्धांत खेळाडू कानात छोटे इअरफोन घालतात, त्यांतून खेळाचा आवाज येतो. त्यावर बाहेरचा आवाज दाबणारा जाड हेडसेट चढवतात आणि त्यात पावसाच्या सरीसारखी एकसुरी खरखर सोडतात. डोटा २ हा पाच विरुद्ध पाच असा डावपेचांचा खेळ. त्याच्या ‘द इंटरनॅशनल’ स्पर्धेत संघांना काचेच्या ध्वनिरोधक खोल्यांत बसवण्याची पद्धत पडली. खोलीत बसवले की न्याय नीट होतो, पण गर्दी आणि खेळाडू यांच्यामध्ये काच येते. हेडसेटवर भागवले तर दोघे जवळ राहतात, मात्र मोठ्या गर्दीचा दणका टेबल-खुर्चीतूनही अंगाला जाणवतोच. प्रस्तुत लेखकाला काचेची खोलीच योग्य वाटते. गर्दीचे प्रेम खेळाडूच्या कामी यावे, पण माहिती म्हणून नव्हे.

पडद्याचा घोटाळा याहून थेट आहे. २०१२ साली लीग ऑफ लेजंड्स या डोटासारख्याच खेळाच्या जागतिक स्पर्धेत लॉस एंजेलिसला अझुबू फ्रॉस्ट या कोरियन संघाच्या खेळाडूने मान वळवून प्रेक्षकांसाठीच्या पडद्यावरचा नकाशा पाहिला. संघाला ३०,००० डॉलर दंड झाला. मंच बांधताना खेळाडूची नजर पडद्यावर जाणार नाही हे आधी पाहावे लागते, ते अशा प्रसंगांमुळे.

बॅटल रोयाल प्रकारात सगळे एकाच मैदानात उतरतात आणि शेवटी उरेल तो जिंकतो. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, पबजी मोबाइलचा भारतासाठीचा अवतार) हा असा खेळ. तिथे गर्दीचे गणितच वेगळे आहे. अंतिम फेरीत चार-चार जणांचे १६ संघ, म्हणजे ६४ खेळाडू एकाच वेळी खेळतात. गर्दी सोळा ठिकाणी वाटली जाते, एकाच्या बाजूने सगळे सभागृह उठले असे क्वचित घडते. शिवाय विजेत्याला १० गुण आणि प्रत्येक गडी बाद केल्याचा १ गुण अशी मोजणी असल्याने मधल्या चकमकीलाही आरोळी उठते. दोन संघांच्या सामन्यातली चढत जाणारी घालमेल इथे नसते. जत्रेत एकाच वेळी चार फड लागावेत तसा हा प्रकार.

गर्दी जमली कशी

मोठ्या गर्दीची सुरुवात दक्षिण कोरियात झाली. २००४ साली बुसानच्या ग्वांगआल्ली समुद्रकिनाऱ्यावर स्टारक्राफ्ट या युद्धनीतीच्या खेळाच्या प्रो-लीगचा अंतिम सामना झाला. त्या गर्दीचा आकडा १ लाख सांगितला जातो. २०१४ मध्ये लीग ऑफ लेजंड्सची अंतिम लढत सोलच्या विश्वचषक स्टेडियममध्ये सुमारे ४०,००० लोकांपुढे झाली. युरोपात पोलंडमधल्या कातोवित्सेचे ‘स्पोडेक’ सभागृह आणि जर्मनीतले कोलोन ही काउंटर-स्ट्राइकची तीर्थक्षेत्रे ठरली. स्पोडेक म्हणजे बशी. इमारत दिसतेही तशीच. करोनाने ही वाट मध्येच तोडली. २०२१ ची लीग ऑफ लेजंड्सची जागतिक स्पर्धा आइसलँडमध्ये आणि डोटाची द इंटरनॅशनल बुखारेस्टमध्ये, दोन्ही रिकाम्या खुर्च्यांपुढे झाल्या. बुखारेस्टला बक्षिसाची रक्कम ४ कोटी डॉलरच्या घरात होती आणि टाळी वाजवायला माणूस नव्हता.

प्रदेश म्हणजे काय

इतर खेळांत प्रदेश नकाशावर ठरतो, ई-स्पोर्ट्समध्ये तो आधी तारेवर ठरतो. खेळाडूने बटण दाबल्यापासून सर्व्हरचे उत्तर परत येईपर्यंत जो वेळ जातो त्याला पिंग म्हणतात. तो मिलिसेकंदांत मोजतात. काचेच्या तंतूतून प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो. मुंबई ते सोल सरळ रेषेत साडेपाच हजार किलोमीटर धरले तरी जाऊन-येऊन ५५ मिलिसेकंद निव्वळ अंतराने खाल्ले, आणि खरी केबल सरळ रेषेत कधीच जात नाही. बंदुकीच्या खेळात एवढ्या फरकात माणूस मरतो. म्हणून लांबच्या संघांना रोज एकमेकांशी खेळताच येत नाही. सर्व्हरच्या आवाक्यातले खेळाडू आपापसात खेळतात, त्यांची लीग होते, लीगची खेळण्याची तऱ्हा घडते, आणि वर्षातून एक-दोनदा सगळे एका सभागृहात भेटतात. लीग ऑफ लेजंड्समध्ये कोरियाची एलसीके, चीनची एलपीएल आणि युरोपची एलईसी अशा लीग यातूनच उभ्या राहिल्या. कोरियन संघ शिस्तीचे, चिनी संघ अंगावर येणारे, असे प्रेक्षक म्हणतात, त्याचे मूळ या वेगवेगळ्या आखाड्यांत आहे.

आपला संघ कोणता

घरच्या गर्दीपुढे जिंकण्याची गोष्ट कोणत्याही खेळात गोड असते. मार्च २०१४ मध्ये स्पोडेकमध्ये व्हर्टस प्रो संघाने काउंटर-स्ट्राइकची मेजर, म्हणजे सर्वांत मानाची स्पर्धा, जिंकली तेव्हा त्यातले पाचही खेळाडू पोलिश होते. २०१८ मध्ये बोस्टनला क्लाउड९ ने फेझ संघाला शेवटच्या नकाशावर (खेळातल्या मैदानाला नकाशा म्हणतात) दोनदा जादा डाव खेळून २२-१९ असे हरवले. उत्तर अमेरिकेच्या संघाने जिंकलेली सीएस:गोची, म्हणजे काउंटर-स्ट्राइकच्या तेव्हाच्या आवृत्तीची, ती पहिली मेजर. उलटही घडते. २०२३ मध्ये साओ पाउलोला ब्राझीलच्या लाउड संघामागे अख्खे सभागृह उभे होते, तरी व्हॅलोरंट या बंदुकांच्या खेळाचा तो अंतिम सामना युरोपच्या फ्नॅटिकने ३-२ असा नेला.

पण ‘आपला’ या शब्दाचा अर्थ इथे सारखा बदलत राहतो. २०१७ मध्ये बीजिंगच्या ‘पक्ष्याच्या घरट्या’त, म्हणजे ऑलिंपिकच्या स्टेडियममध्ये, लीग ऑफ लेजंड्सची अंतिम लढत होती. चीनचे दोन्ही संघ उपांत्य फेरीत कोरियन संघांकडून हरले आणि चिनी प्रेक्षकांपुढे दोन कोरियन संघ खेळले. त्यातला एसकेटी हरल्यावर त्याचा नामांकित खेळाडू फेकर, म्हणजे ली सांग-ह्योक, टेबलावर मान टाकून रडला. परक्या देशाच्या त्या पोराला चिनी प्रेक्षकही आपलाच मानत होते. पुढच्याच वर्षी कोरियातल्या इंचॉनला झालेल्या स्पर्धेत कोरियाचा एकही संघ उपांत्य फेरीपर्यंत पोचला नाही. कोरियन गर्दीपुढे चीनच्या इन्व्हिक्टस गेमिंगने फ्नॅटिकला ३-० हरवले, आणि त्या चिनी संघात रूकी आणि द-शाय हे दोघे कोरियन होते. पॅरिसला २०२३ च्या मेजरमध्ये फ्रेंच प्रेक्षकांनी व्हिटॅलिटीसाठी घसा कोरडा केला. त्या पाचांत दोन फ्रेंच, दोन डॅनिश आणि एक इस्रायली.

खेळाडूंची ही आयात बेसुमार होऊ नये म्हणून लीग ऑफ लेजंड्समध्ये २०१४ पासून बाहेरच्या प्रदेशातल्या खेळाडूंवर मर्यादा आली: खेळणाऱ्या पाचांत किमान तिघे त्या प्रदेशाचे रहिवासी हवेत. असे कुंपण नसले की काय होते ते ओव्हरवॉच या बंदुकांच्या खेळाच्या लीगने दाखवले. २०१८ ला ती शहरांच्या नावांच्या १२ संघांनिशी सुरू झाली. पहिल्या हंगामाचा विजेता लंडन स्पिटफायर. सगळे खेळाडू कोरियन, आणि अंतिम लढत सोडली तर हंगामभराचे सामने लॉस एंजेलिसजवळच्या एकाच सभागृहात. लंडनच्या माणसाने त्यात आपले काय पाहावे? शहरोशहरी जाऊन सामने खेळायची योजना २०२० मध्ये सुरू होते न होते तोच करोना आला, आणि २०२३ मध्ये ती लीग बंद पडली. शहराचे नाव जर्सीवर छापून गर्दी तयार होत नाही. त्या शहराच्या पोरांनी आधी समोरासमोर बसून खेळावे लागते.

देशाच्या नावाने खेळण्याची जागा आशियाई क्रीडा स्पर्धांत मिळाली. २०१८ ला जकार्तात ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होते. तिथे भारताच्या तीर्थ मेहताने हार्थस्टोन या पत्त्यांच्या खेळात कांस्य मिळवले. २०२२ ची म्हणून २०२३ मध्ये हांगझोला झालेली स्पर्धा अधिकृत पदकांची. तिथे लीग ऑफ लेजंड्सच्या उपांत्य फेरीत कोरियाने यजमान चीनला त्यांच्याच गर्दीपुढे हरवले आणि पुढे सुवर्ण घेतले.

भारत आणि मराठवाडा

भारतात मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेची गर्दी एप्रिल २०१९ मध्ये मुंबईत दिसली. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ईएसएल वन मुंबई ही डोटा २ ची स्पर्धा झाली आणि चीनच्या कीन गेमिंगने ती जिंकली. मात्र मराठवाड्यात हा खेळ डोटाने पोचला नाही, तो पोचला फोनवरून. गेमिंगचा संगणक ही इथे चैन होती. स्वस्त डेटा आणि दहा-बारा हजारांचा फोन घरोघरी आला. म्हणून २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली तेव्हा तिचा धक्का गावोगावच्या कट्ट्यांना बसला. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला, २०२२ च्या जुलैत तोही ॲप स्टोअरवरून निघाला, मे २०२३ मध्ये परतला. एवढ्या उलथापालथीत संघ टिकवणे पुण्या-मुंबईच्या पोरांनाही जड गेले. घरच्यांचा विरोध पत्करून खेळणाऱ्या उदगीरच्या किंवा सेलूच्या पोराचे दोन-दोन हंगाम वाया गेले.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून ई-स्पोर्ट्सचा विषय क्रीडा मंत्रालयाकडे दिला. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्स त्यांच्यापासून वेगळे काढले. नोंदणी झालेल्या स्पर्धेला प्रवेश शुल्क आणि बक्षीस चालते. हा फरक गावातल्या पालकांपर्यंत अजून पोचायचा आहे. त्यांच्या लेखी रमी आणि बीजीएमआय एकच, ‘फोनचा जुगार’.

भूगोलाचे म्हणाल तर मराठवाड्याला दोन तोंडे आहेत. देवगिरी एक्स्प्रेस परभणी-नांदेडवरून एकीकडे मुंबईला जाते, दुसरीकडे सिकंदराबादला. नांदेडहून मुंबई जवळपास सहाशे किलोमीटर, हैदराबाद पावणेतीनशे. जून २०२४ मध्ये बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया सिरीजची अंतिम फेरी हैदराबादच्या हायटेक्समध्ये झाली आणि टीम एक्सस्पार्कने ती जिंकली. देगलूर-बिलोलीच्या पोराला हे मैदान मुंबईच्या कोणत्याही सभागृहापेक्षा जवळचे. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, तेव्हाची ही जवळीक रस्त्यांत आणि रेल्वेत अजून शिल्लक आहे.

बाकीच्यांची गर्दी घरातच जमते. लातूरला शिकवणीसाठी राहणाऱ्या पोरांची खोली घ्या. स्टीलच्या डब्याला टेकवून उभा केलेला एक फोन, खाटेवर चौघे, दारात दोघे. समालोचन हिंदीत, खोली मराठीत. आवडत्या संघाचा शेवटचा गडी दगडाआड बसलाय, आणि दारातला ओरडतो, ‘मागून यायलाय बघ, मागून!’ हीच आरोळी सभागृहात खेळ नासवते. इथे ती कुणाचेच नुकसान करत नाही, कारण सामन्याचे प्रसारण मुद्दाम उशिरा सोडण्याची पद्धत आहे, म्हणजे खेळणाऱ्या संघांना ते पाहून फायदा घेता येऊ नये.

ही पोरे स्वतः खेळतात ती कस्टम रूममध्ये, म्हणजे आयोजकाने खेळातच उघडलेल्या खासगी खोलीत. रूम आयडी आणि पासवर्ड सामना सुरू व्हायच्या जरा आधी व्हॉट्सॲपवर येतो, संघाची जागा, म्हणजे स्लॉट, ठरलेला असतो, आणि ऐन वेळी कुणाची तरी वीज जाते. पिंगचा प्रश्न इथे रोजचा आहे. संभाजीनगर ते मुंबई हे अंतर प्रकाशाला दोन मिलिसेकंदांचे सुद्धा नाही. वेळ जातो तो टॉवरवरच्या गर्दीत. किनवटच्या पोराला संध्याकाळी सात वाजता ८०-१०० च्या पिंगवर पात्रता फेरी खेळावी लागते, आणि समोर मुंबईत फायबरवर बसलेला असतो. तोच किनवटचा पोरगा अंतिम फेरीला सभागृहात पोचला तर सगळे ६४ जण एकाच छताखालच्या, एकाच नेटवर्कवर बसतात. दोघांचा पिंग सारखा होतो.