मंदीत बांधलेली मुंबई: भाडेगोठवणीपासून मुद्रांक शुल्काच्या सवलतीपर्यंत

पैशाची चणचण आली की घरबांधणी थांबते, असा सर्वसाधारण समज आहे. मुंबईचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास वेगळं सांगतो. कठीण काळात बांधकाम पूर्ण थांबत नाही, पण कोण बांधणार, कुणासाठी आणि दुरुस्तीचा खर्च कुणाच्या माथी, ही गणितं बदलतात. शिवाय अडचणीच्या काळात ‘तात्पुरते’ म्हणून घेतलेले निर्णय पुढं पिढ्यान्‌पिढ्या भिंतींत मुरून राहतात.

सुरुवात पहिल्या महायुद्धापासून करावी लागते. युद्धामुळं गिरण्यांना बरकत आली, कामगारांचे लोंढे आले आणि खोल्यांची भाडी भडकली. 1918 मध्ये सरकारनं भाडं रोखणारा कायदा आणला. पाठोपाठ 1920 मध्ये, गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट उभं राहिलं. 50 हजार खोल्या बांधायचा त्याचा संकल्प होता. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून प्रत्यक्षात 207 चाळी झाल्या, म्हणजे सुमारे 16 हजार खोल्या. साहित्य महाग असताना काम काढलं आणि चाळी तयार होईपर्यंत गिरण्यांची तेजी ओसरली होती. सिमेंट काँक्रीटच्या, जेमतेम 160 चौरस फुटांच्या त्या खोल्यांतल्या कित्येक सुरुवातीची काही वर्षं रिकाम्याच होत्या. तेजी कायम राहील असं गृहीत धरून आखलेली योजना कशी फसते, याचं इतकं ठसठशीत उदाहरण शहरात दुसरं नाही.

1930 च्या दशकातल्या जागतिक मंदीत मात्र उलटं घडलं. साहित्य आणि मजुरी स्वस्त झाली, व्याजदर उतरले आणि व्यापारात अडकवायला लोक कचरू लागलेला पैसा इमारतींकडं वळला. माटुंगा, शिवाजी पार्क, मरीन ड्राइव्ह इथल्या गोलाई घेतलेल्या सज्जांच्या कितीतरी इमारती त्या दशकातल्या आणि त्यानंतरच्या काही वर्षांतल्या आहेत. मध्यमवर्गाला स्वतंत्र संडास-मोरीचा ब्लॉक मिळाला तो या मंदीत.

दुसऱ्या महायुद्धात सिमेंट-पोलाद लष्कराकडं गेलं. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवली. फाळणीनंतर निर्वासितांनी भरलेल्या शहरात याची गरज होती, हे मान्यच करायला हवं. पण ठरावीक मुदतीचा हा कायदा मुदतवाढ घेत अर्धशतक टिकला. गवंडी आणि सिमेंट महागत गेले, भाडं जागच्या जागी राहिलं. मालकानं डागडुजी सोडली, भाडेकरूला जागा सोडणं परवडेना आणि पागडीचा, म्हणजे भाडेहक्कासाठी एकरकमी पैसे घेण्याचा, व्यवहार मुरला. गळती, कुजलेल्या तुळया, पावसाळ्यातल्या पडझडी यांची मुळं इथं आहेत. 1969 मध्ये दुरुस्तीसाठी स्वतंत्र कायदा करून उपकर लावावा लागला. त्याखाली 19,642 इमारती आल्या, आणि टेकू लावलेली चाळ हे दक्षिण मुंबईतलं रोजचं दृश्य झालं. डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोठवलेल्या भाड्याची तरतूद अवाजवी ठरवली. नव्या कायद्यानं वर्षाला 4 टक्के वाढीची मुभा दिली, ती 2000 मध्ये.

मधल्या काळात सिमेंटच परवान्यावर होतं. 1982 मध्ये नियंत्रण अंशतः आणि 1989 मध्ये पूर्णपणे उठलं. तोवर घरात मोरी नव्यानं बांधायची तरी सिमेंटची पोती मिळवण्यापासून सुरुवात करावी लागे.

1977 मध्ये गृहकर्ज देणारी एचडीएफसी सुरू झाली आणि निवृत्तीच्या पैशातून घर घेण्याची रीत हळूहळू मागं पडली. तिथून पुढं चणचणीच्या काळात सगळ्यांच्या नजरा व्याजदराकडं लागल्या. 2008 च्या जागतिक संकटात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं कर्ज देते तो दर, 9 टक्क्यांवरून सहा-सात महिन्यांत 4.75 टक्क्यांवर आणला. 2016 ची नोटाबंदी, 2017 चा रेरा (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) आणि जीएसटी, 2018 चं वित्तसंस्थांचं संकट या लागोपाठच्या धक्क्यांत छोटे बिल्डर गळाले.

मग 2020 आलं. मजूर गावी गेले, साइट्स बंद पडल्या. घरात कोंडलेल्या माणसांना मात्र आपल्या घरातली ओल आणि कामाला बसायला नसलेला कोपरा प्रकर्षानं दिसला. रेपो 4 टक्क्यांवर आला. राज्य सरकारनं मुद्रांक शुल्क मुंबईत 5 वरून 2 टक्क्यांवर आणलं, डिसेंबरअखेरपर्यंत, आणि पुढं मार्चपर्यंत 3 टक्के. नोंदणी कार्यालयांत गर्दी उसळली. जानेवारी 2021 मध्ये बांधकामावरचे अधिमूल्य, म्हणजे परवानग्यांसाठी बिल्डरनं भरायची रक्कम, वर्षअखेरपर्यंत निम्मे झाले. रखडलेल्या पुनर्विकासांना त्यानं हात दिला, हे खरं. पण या सवलतींचा फायदा ज्याच्या हाती कर्ज किंवा रोकड होती त्यालाच झाला. उपकरप्राप्त चाळीतल्या भाडेकरूला त्यातून काही मिळालं नाही.

पुनर्विकासात अनिश्चिततेची किंमत रहिवासी कशी मोजतो, हे गोरेगावच्या पत्रा चाळीत दिसलं. 672 कुटुंबांनी बिल्डरशी झालेल्या 2008 च्या करारावर विसंबून घरं रिकामी केली. काम रखडलं, तात्पुरत्या घरासाठी बिल्डरकडून मिळणारे भाड्याचे पैसे थांबले. 2018 मध्ये म्हाडानं, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणानं, करार रद्द केला आणि 2022 मध्ये काम पुन्हा सुरू झालं. लहानपणी घर सोडलेली मुलं तोवर कर्ती झाली होती. सोसायट्यांच्या पुनर्विकासासाठी राज्यानं 2009 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 2019 मध्ये त्या सुधारल्या. आज सभासद बिल्डरकडून बँक हमी आणि भाड्याचे आगाऊ धनादेश मागतात, ते हातात पडल्याशिवाय घर रिकामं करायला तयार होत नाहीत. काही सोसायट्या तर बिल्डर टाळून स्वयंपुनर्विकासाचं कर्ज काढतात.