शिवलेला डोळा की गुंफलेला?

बेळगावजवळच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात फणस उतरवायला किंवा पावसाळ्याआधी कौलांवर झुकलेली फांदी तोडायला माणसं बऱ्याचदा साध्या दोराच्या भरवशावर चढतात. ज्याला हे काम नीट साधनं घेऊन करायचंय, त्याने चढाईचा दोर घेताना एक गोष्ट ठरवायला हवी. हूक अडकवायचा टोकाचा डोळा, म्हणजे दोरच वळवून केलेलं वेटोळं, मशीनवर शिवलेला घ्यावा की हाताने गुंफलेला?

ताकदीचा हिशेब आधी उरकून टाकू. ईएन १८९१ या युरोपीय मानकाप्रमाणे अ वर्गाच्या दोराने किमान २२ किलोन्यूटन ताण सोसला पाहिजे, आणि टोकाच्या डोळ्यासकट १५ किलोन्यूटन ३ मिनिटं. १ किलोन्यूटन म्हणजे साधारण १०२ किलोचा भार. म्हणजे डोळ्याने दीड टन पेलायचं आणि लटकणारा गडी असतो ऐंशी किलोचा. गाठ मारली तर दोराची २० ते ४० टक्के ताकद जाते, तरी उरते ती पुष्कळ. तेव्हा ओझ्याने डोळा तुटेल याची धास्ती नको. तो सुटू शकतो का, आणि सुटायच्या आधी आपल्याला दिसेल का, हे बघायचं.

गुंफलेला डोळा सगळा घर्षणावर चालतो. जड फांदी खाली सोडताना आपण दोर बुंध्याला वेढून घेतो ना, तिथे हेच घर्षण कामाला येतं. घर्षणांक ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्याने हाताच्या ओढीच्या साडेसहा पट भार आवरतो, दोन वेढ्यांनी सुमारे ४३ पट. वेढा वाढला की गुणाकार होतो. गुंफणीत दोराचं टोक त्याच्याच पोटात सरकवलेलं असतं. ताण आला की बाहेरची वीण लांबते, अरुंद होते आणि आतलं टोक आवळते. जितकं ओढाल तितकी पकड घट्ट. आत गेलेलं टोक शेवटाकडे निमुळतं करावं लागतं, नाहीतर जाडी जिथे एकदम संपते तिथेच सगळा ताण एकवटतो. नीट केलेली गुंफण दोराची ९० टक्क्यांच्या आसपास ताकद राखते.

पण ताण नसला तर पकडही नाही. पिशवीत कोंबलेला, फांद्यांवरून घासत गेलेला, सतत वाकणारा सैल दोर टोकाला जरा जरा बाहेर ढकलू शकतो. म्हणून मानेवर, म्हणजे डोळा संपून दोर सुरू होतो तिथे, आरपार टाके घालतात. भार पेलायचं काम त्यांचं नाही. दोर सैल असताना टोक जागेवर ठेवायचं. गुंफलेला डोळा हातात आला की मी आधी हे टाके बघतो. टोक किती आत आहे, निमुळतं केलंय का, हे बाहेरून दिसतच नाही. बेळगावच्या शहापूर-वडगावचा विणकर ती वीण सहज उकलून दाखवेल, पण त्या विशिष्ट दोरात टोक किती आत हवं, हे बनवणाऱ्याच्या तक्त्यातच सापडतं.

शिवलेल्या डोळ्यात दोराचे दोन पदर शेजारी ठेवून जाड धाग्याने नागमोडी शिवतात. मशीन प्रत्येक वेळी तोच टाका घालते, त्यामुळे कारखान्याला त्याच घाण्यातले नमुने तोडून बघता येतात. उणीव अशी, की धागा बाहेर असतो. सालीवर घासतो, उन्हाने कुजतो. वर प्लास्टिकची नळी चढवतात, ती पारदर्शक असेल तर उत्तम. मान ताठ होते, कडीतून अडखळत जाते. मुरलेल्या चढणाऱ्यांना गुंफण आवडते ती यासाठी. डोळ्यात जाडजूड वस्तू कोंबली तर दोन्ही पदर फाकतात आणि पहिले टाके उसवू लागतात.

आपल्याकडे जांभ्याची लाल माती आणि फणसाचा चीक या दोन गोष्टी जास्तीच्या. मातीचे कण विणीत शिरून तंतू आतून कापतात. चिकाने दोर ताठरला की वाकवून तपासणंही अवघड. साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. नायलॉन ओलं असताना १०-१५ टक्के कमजोर होतं, पॉलिएस्टरला फारसा फरक पडत नाही.

माझं मत विचाराल तर नवख्याने लेबल असलेला शिवलेला डोळाच घ्यावा. गुंफण घ्यायची तर जो आपले नमुने ताणून तोडून बघतो त्याच्याकडूनच. व्हिडिओ बघून घरी केलेल्या गुंफणीवर जीव टांगू नये. त्यापेक्षा नीट मारलेली, टोक लांब सोडलेली गाठ बरी, ती निदान रोज डोळ्यांसमोर असते.

बाजारातली पिवळी-निळी दोरी मात्र डोळा कसाही केला तरी चढायला नको. ती बहुतेक पॉलिप्रॉपिलीनची असते, उन्हात लवकर ठिसूळ होते आणि १६० अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे घर्षणाची उष्णता तिला नायलॉनपेक्षा लवकर भोवते. तुकडा पाण्यात टाकून बघा: पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, नायलॉन बुडतं.