टायसन, सिसिली

टायसन, सिसिली : (१९ डिसेंबर १९२४ – २८ जानेवारी २०२१). अमेरिकन दूरचित्रवाणी, चित्रपट आणि रंगभूमी अभिनेत्री. जन्म न्यूयॉर्क शहरात. जुन्या संदर्भग्रंथांत जन्मसाल १९३३ किंवा त्याच्या आसपासचे आढळते. व्यवसायात येताना त्यांनी वय बरेच कमी सांगितले होते आणि तोच आकडा पुढे कित्येक वर्षे छापला जात राहिला. त्यांची कारकीर्द १९५० च्या दशकात सुरू झाली ती २०२० पर्यंत चालली. या कामांची यादी वाचताना तिच्यातल्या मोकळ्या जागा आधी डोळ्यांत भरतात. नाव झालेले असतानाही वर्ष-वर्ष मोठी भूमिका नाही, असे त्यांच्या बाबतीत अनेकदा घडले. कृष्णवर्णीय अभिनेत्रीला त्या काळी कामे कमी मिळत, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण त्यांनी स्वतः दिलेल्या नकारांचे आहे. टायसन यांचे मोठेपण समजून घ्यायचे तर गाजलेल्या भूमिकांच्या बरोबरीने हे नकारही ध्यानात घ्यावे लागतात.

आईवडील कॅरिबियन समुद्रातील नेव्हिस बेटावरून न्यूयॉर्कला आले होते. वडील सुतारकाम, रंगकाम करत, आई लोकांच्या घरी काम करी. घरची ओढाताण अशी, की नऊ वर्षांची सिसिली रस्त्यावर बाजाराच्या पिशव्या विकत असे. आई अत्यंत धार्मिक. चर्चमध्ये गाणे, पियानो आणि ऑर्गन वाजवणे हे मुलीच्या वाट्याला भरपूर आले, पण सिनेमा आणि नाटक म्हणजे पाप, अशी घरची ठाम समजूत. अठराव्या वर्षी लग्न झाले, मुलगी झाली, आणि तो संसार लवकरच मोडला. पुढे रेड क्रॉसच्या कचेरीत टंकलेखनाची नोकरी करताना एक दिवस त्या खुर्चीवरून उठल्या आणि ‘देवाने मला काही टाइपरायटर बडवायला जन्माला घातलेलं नाही’ अशा अर्थाचे मोठ्याने बोलल्या. हा प्रसंग त्या आयुष्यभर सांगत आल्या. मॉडेलिंग करता करता त्या अभिनयाकडे वळल्या, तेव्हा आईने त्यांना घराबाहेर काढले आणि बराच काळ बोलणे टाकले. नंतर हीच आई मुलीचे काम पाहायला प्रेक्षकांत येऊन बसली.

रंगभूमीवर त्यांच्याकडे लक्ष गेले ते १९६१ मध्ये. झाँ झने या फ्रेंच नाटककाराचे ‘द ब्लॅक्स’ हे नाटक न्यूयॉर्कच्या सेंट मार्क्स प्लेहाउसमध्ये आले आणि त्याचे १,४०० हून अधिक प्रयोग झाले. जेम्स अर्ल जोन्स, लुई गॉसेट, रॉस्को ली ब्राउन, माया अँजेलो अशी मंडळी त्या संचात होती. कृष्णवर्णीय नटांची एक अख्खी पिढी या एका नाटकातून उभी राहिली, असे म्हणायला हरकत नाही.

मात्र टायसन यांचे नाव घरोघरी पोहोचले दूरचित्रवाणीमुळे, आणि त्यात त्यांच्या केसांचा मोठा वाटा आहे. त्या काळी अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रीने चारचौघांत जायचे म्हणजे तापवलेल्या फणीने किंवा रसायनाने केस सरळ करूनच, असा अलिखित नियम होता. पडद्यावर तर तो फारच कडक. एका दूरचित्रवाणी नाटकात आफ्रिकी स्त्रीची भूमिका करायची होती. ही बाई केस सरळ करणारच नाही, असे टायसन यांच्या मनाने घेतले. आदल्या दिवशी त्या हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या एका न्हाव्याच्या दुकानात गेल्या आणि केस अगदी बारीक कापून, धुऊन, जसे उगवतात तसे ठेवा म्हणाल्या. पुरुषांच्या दुकानात येऊन बाईने असे मागावे याचा त्या न्हाव्याला धक्का बसला. तरी त्याने केस कापले. चित्रीकरणाला गेल्यावरही त्यांनी डोक्यावरचा रुमाल शेवटच्या क्षणापर्यंत सोडला नव्हता.

हीच केशरचना घेऊन त्या १९६३ मध्ये सीबीएस वाहिनीच्या ‘ईस्ट साइड/वेस्ट साइड’ या मालिकेत आल्या. जॉर्ज सी. स्कॉट यांनी त्यात न्यूयॉर्कमधला समाजसेवक रंगवला होता आणि टायसन त्याच्या कचेरीतली सचिव जेन फॉस्टर झाल्या होत्या. भूमिका लहान, संवाद मोजके. पण नाट्यमालिकेत दर आठवड्याला दिसणारी, टेबलामागे बसून बुद्धीचे काम करणारी कृष्णवर्णीय स्त्री अमेरिकेने तोवर जवळजवळ पाहिलीच नव्हती. मालिका गरिबी आणि वर्णभेद यांवर थेट बोलत असे. उंदराच्या चाव्याने दगावलेल्या बाळाची गोष्ट सांगणारा तिचा एक भाग दक्षिणेतल्या काही केंद्रांनी दाखवलाच नाही. २६ भागांनंतर मालिका बंद पडली. जेन फॉस्टरचे केस मात्र रस्त्यावर उतरले. सरळ करण्यासाठी येणारी गिऱ्हाइके कमी झाली, अशी तक्रार करणारी केशकर्तनकारांची पत्रे आपल्याला आली होती, असे टायसन सांगत. पुढे त्या दशकाच्या अखेरीस नैसर्गिक केस ही कृष्णवर्णीय चळवळीची खूण झाली. टायसन त्याच्या कितीतरी आधी ते केस घेऊन कॅमेऱ्यासमोर उभ्या होत्या.

‘अ मॅन कॉल्ड अ‍ॅडम’ (१९६६), ‘द कॉमेडियन्स’ (१९६७), ‘द हार्ट इज अ लोन्ली हंटर’ (१९६८) हे या काळातले चित्रपट. त्यांतली कामे चोख, पण त्यांच्या ताकदीला साजेल एवढी भूमिका अजून आली नव्हती.

ती आली १९७२ मध्ये, मार्टिन रिट दिग्दर्शित ‘साउंडर’ या चित्रपटात. १९३३ सालच्या लुइझियानात बटाईने शेती कसणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबाची ही गोष्ट. पोरांच्या पोटासाठी बाप मांस चोरतो, त्याला सक्तमजुरीची शिक्षा होते, आणि मागे रिबेका ही त्याची बायको शेत, मुले आणि देणे सगळे एकटीने ओढते. टायसन यांना आधी शाळामास्तरणीची भूमिका देऊ केली होती. त्यांनी रिबेकाच हवी असा आग्रह धरला. चित्रपटातला नवरा परत येण्याचा प्रसंग कितीही वेळा पाहिला तरी जुना होत नाही. भर उन्हात कुत्रा भुंकायला लागतो. दूर रस्त्यावर कुणीतरी लंगडत येताना दिसते. रिबेका डोळ्यांवर हात धरून बघते. तिला ओळख पटते ती आधी पायांना, मग चेहऱ्याला. ती धावत सुटते, हात पसरलेले, आणि तिच्या तोंडून निघते ती नुसती नवऱ्याच्या नावाची हाक. अभिनयाचे कसब दाखवण्याची जराही धडपड तिथे नाही. या भूमिकेसाठी टायसन यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. त्याच वर्षी डायना रॉस यांनाही मिळाले. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या गटात एकाच वर्षी दोन कृष्णवर्णीय स्त्रिया असण्याची ती पहिलीच वेळ होती. पुरस्कार ‘कॅबरे’साठी लायझा मिनेली यांना गेला.

‘साउंडर’च्या प्रसिद्धीसाठी त्या देशभर फिरत होत्या, तेव्हा एका गोऱ्या पत्रकाराने त्यांच्यापाशी एक कबुली दिली. आपल्या मनात भेदभाव आहे असे मला कधी वाटले नव्हते, पण चित्रपटातला मुलगा बापाला ‘डॅडी’ म्हणतो हे ऐकून मी अस्वस्थ झालो, कारण माझा मुलगाही मला तसेच म्हणतो, असे तो म्हणाला. कृष्णवर्णीय माणसाच्या घरातही बाप ‘डॅडी’च असतो, एवढी साधी गोष्टही या देशाला ठाऊक नाही, हे टायसन यांना त्या दिवशी लख्ख कळले. नुसती नटी होऊन भागणार नाही, असे त्यांनी तेव्हा ठरवले. हा काळ हॉलीवुडमध्ये गुंड, दलाल, बंदुका आणि अर्धवस्त्र बायका यांनी भरलेल्या कृष्णवर्णीय मारधाडपटांचा होता आणि त्यांत पैसा होता. टायसन यांनी ती कामे घेतली नाहीत. संहिता वाचताना एक तर अंगावर शहारा येतो नाही तर पोटात ढवळते, आणि त्यावरून आपला निर्णय होतो, असे त्या म्हणत. या निर्णयांची किंमत त्यांनी रिकाम्या वर्षांत मोजली. कामावर पोट असलेल्या कलावंताने हे करणे किती कठीण असते, हे सांगायला नको.

मोठ्या पडद्याने जे दिले नाही ते छोट्या पडद्याने दिले. ‘द ऑटोबायोग्राफी ऑफ मिस जेन पिटमन’ हा दूरचित्रवाणी चित्रपट सीबीएसने ३१ जानेवारी १९७४ रोजी दाखवला. अर्नेस्ट गेन्स यांच्या कादंबरीवरील या चित्रपटाचे दिग्दर्शक जॉन कॉर्टी होते. गुलामीत जन्मलेली जेन यादवी युद्धापासून १९६० च्या दशकातील नागरी हक्कांच्या लढ्यापर्यंत जगते. टायसन यांनी तिचे तारुण्य रंगवले आणि ११० वर्षांचे वार्धक्यही. रंगभूषा स्टॅन विन्स्टन आणि रिक बेकर यांची. तिला तासन्‌तास लागत आणि ती तितकीच विलक्षण आहे. पण सुरकुत्या चेहऱ्यावर चिकटवता येतात, म्हातारपण चिकटवता येत नाही. टायसन वृद्धाश्रमांत जाऊन बसल्या, म्हाताऱ्या बायकांचे बोलणे, दम लागणे, हातांची थरथर पाहत राहिल्या.

त्याचे फळ शेवटच्या प्रसंगात दिसते. न्यायालयाच्या आवारात फक्त गोऱ्यांसाठी राखलेला पाण्याचा नळ आहे. जेन काठी टेकत त्याच्याकडे निघते. पोलीस बघतात, माणसे बघतात, कुणी काही बोलत नाही. वाट जेमतेम काही पावलांची, पण म्हातारीच्या चालीने ती संपता संपत नाही. ती पोहोचते, वाकते, पाणी पिते आणि आली तशी परत फिरते. मूळ कादंबरीत हा प्रसंग नाही, तो चित्रपटासाठी रचलेला आहे. पाण्यावरून माणसाला माणूसपण नाकारणे काय असते हे महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास शिकलेल्या मराठी वाचकाला निराळे समजावून सांगावे लागत नाही. या चित्रपटाला अमेरिकन दूरचित्रवाणीतले मानाचे असे एकूण नऊ एमी पुरस्कार मिळाले, त्यांतले दोन टायसन यांचे. मुख्य भूमिकेसाठी एमी मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय अभिनेत्री ठरल्या.

यापुढे दूरचित्रवाणीने त्यांच्याकडून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा इतिहासच वदवून घेतला. जानेवारी १९७७ मध्ये एबीसीवर लागोपाठ आठ रात्री चाललेल्या ‘रूट्स’ या मालिकेत त्या, आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेल्या गेलेल्या कुंटा किंटे या नायकाची आई बिंटा होत्या. ‘किंग’ (१९७८) मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग, ‘अ वुमन कॉल्ड मोझेस’ (१९७८) मध्ये गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या हॅरिएट टबमन, १९८१ मध्ये शिकागोच्या शिक्षिका मार्व्हा कॉलिन्स. या सगळ्या भूमिका सारख्या ताकदीच्या नाहीत. काही ठिकाणी पटकथाच आदराने इतकी वाकलेली आहे की माणूस दिसेनासा होतो. टायसन मात्र अशा ठिकाणीही चालण्या-बसण्यातून, थकव्यातून ती बाई जमिनीवर आणतात. ‘ओल्डेस्ट लिव्हिंग कॉन्फेडरेट विडो टेल्स ऑल’ (१९९४) साठी त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचा एमी मिळाला. ‘स्वीट जस्टिस’ (१९९४–९५) या मालिकेत त्या नागरी हक्कांसाठी लढणारी वकील होत्या. ‘फ्राइड ग्रीन टोमॅटोज’ (१९९१) आणि ‘द हेल्प’ (२०११) या चित्रपटांत त्यांची कामे छोटी, तरी लक्षात राहणारी आहेत.

विख्यात जॅझ वादक माइल्स डेव्हिस यांच्याशी त्यांचे नाते १९६० च्या दशकापासूनचे. डेव्हिस यांच्या १९६७ च्या ‘सॉर्सरर’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर टायसन यांचाच चेहरा आहे. १९८१ मध्ये त्यांनी विवाह केला, तो त्याच दशकाच्या अखेरीस संपला. डान्स थिएटर ऑफ हार्लेम या नृत्यसंस्थेच्या उभारणीत टायसन यांचा वाटा होता. न्यू जर्सीतील ईस्ट ऑरेंज येथील कलाशिक्षण देणाऱ्या एका शाळेला त्यांचे नाव आहे.

त्यांच्या उतारवयाला उतार म्हणावा असे काही नव्हतेच. हॉर्टन फूट यांच्या ‘द ट्रिप टू बाउंटिफुल’ या नाटकावरचा चित्रपट त्यांनी १९८० च्या दशकात पाहिला होता आणि ‘अशी एक भूमिका मला मिळवून द्या’ असे आपल्या एजंटला सांगितले होते. ती मिळायला सुमारे पाव शतक गेले. तीस वर्षांच्या खंडानंतर २०१३ मध्ये त्या ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर, याच नाटकात परतल्या, माहेरगाव एकदा डोळ्यांनी पाहायचे म्हणून घरातून निसटणारी म्हातारी कॅरी वॉट्स होऊन. कॅरी बसस्थानकावर एक जुने ख्रिस्ती भजन म्हणू लागते. लहानपणापासून चर्चमध्ये तेच गात आलेल्या टायसन इथे गाऊ लागल्या की प्रेक्षागारातून आवाज यायचे. आधी एक-दोन, मग रांगाच्या रांगा त्यांच्याबरोबर गायच्या. या भूमिकेसाठी त्यांना वयाच्या ८८ व्या वर्षी रंगभूमीसाठीचा टोनी पुरस्कार मिळाला. २०१५ मध्ये ‘द जिन गेम’ या नाटकात ‘द ब्लॅक्स’च्या काळचे सोबती जेम्स अर्ल जोन्स पुन्हा त्यांच्यासमोर होते.

मानसन्मान बरेचसे उशिरा आले : २०१५ मध्ये केनेडी सेंटरचा सन्मान, २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या हस्ते स्वातंत्र्यपदक, २०१८ मध्ये सन्माननीय ऑस्कर. हे ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. ‘जस्ट अ‍ॅज आय अ‍ॅम’ हे त्यांचे आत्मकथन २६ जानेवारी २०२१ रोजी प्रसिद्ध झाले आणि दोन दिवसांनी, ९६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. हार्लेममधील अ‍ॅबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चबाहेर, फेब्रुवारीच्या थंडीत, लोक अंत्यदर्शनासाठी रांगा लावून उभे होते.

त्यांच्या अखेरच्या मोठ्या भूमिकांपैकी एक एबीसीच्या ‘हाउ टू गेट अवे विथ मर्डर’ या मालिकेतली. व्हायोला डेव्हिस यांनी रंगवलेल्या नामांकित वकिलीणबाईची आई ओफिलिया हार्कनेस. या पाहुण्या भूमिकेसाठी त्यांना एमीची पाच नामांकने मिळाली. २०१५ मध्ये दाखवलेल्या, ओफिलिया प्रथमच दिसते त्या भागात सगळ्या बाजूंनी कोसळलेली मुलगी आईच्या पायांशी जमिनीवर बसते. आई मागे बसून तिचे केस मोकळे करते आणि फणी चालवू लागते. फणी अडखळते, सुटते, पुन्हा अडखळते, आणि त्या लयीतच आई मुलीला तिच्या बालपणातले एक भयंकर गुपित सांगते. त्या हातांखालचे केस सरळ केलेले नाहीत.