‘स्कॉटी’ कॅनडाच्या हवाई दलात नव्हता

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी टीव्ही मालिकेतल्या स्कॉटीची भूमिका करणारे जेम्स डूहान म्हणजे ‘कॅनडाच्या हवाई दलातला सर्वांत माथेफिरू वैमानिक’, असं वर्षानुवर्षं फिरतंय. माथेफिरूपणा खरा, हवाई दल खोटं.

डूहान तोफखान्याचे अधिकारी होते. ६ जून १९४४ ला १४व्या फील्ड रेजिमेंटबरोबर ते फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या जूनो किनाऱ्यावर उतरले. त्या रात्री त्यांना सहा गोळ्या लागल्या, त्याही जर्मनांच्या नव्हे, आपल्याच बावरलेल्या पहारेकऱ्याच्या ब्रेनगनच्या (हलक्या मशीनगनच्या). चार पायात, एक छातीवर (ती सिगारेटच्या डबीने अडवली) आणि एक उजव्या हाताच्या मधल्या बोटात. ते बोट कापावं लागलं.

नंतर ते ६६६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये गेले, आणि घोळ इथेच होतो. स्क्वाड्रन हवाई दलाची, पण वैमानिक तोफखान्याचे. गोळे कुठे पडतात ते वरून पाहून रेडिओवरून नेम सुधारायचा, म्हणजे तोफा कळणारा माणूसच हवा. १९४५ मध्ये इंग्लंडमधल्या सॅलिसबरी मैदानावर तारायंत्राच्या खांबांमधून त्यांनी नागमोडी उडवलं ते हलकं ऑस्टर विमान होतं. काही जण सांगतात तसं हरिकेन हे लढाऊ विमान नव्हे, जेट तर नव्हेच. त्याबद्दल त्यांना कडक समज मिळाली.

नोंद वाचताना स्क्वाड्रनच्या क्रमांकाबरोबर माणसाचं मूळ दलही पाहा.