नकबा

नकबा : (अरबी, अर्थ – अरिष्ट, महाआपत्ती). १९४७ च्या अखेरीपासून १९४९ पर्यंत पॅलेस्टाइनमधील सुमारे सात लाख अरब घरादाराला मुकले. त्या विस्थापनाला पॅलेस्टिनी समाजात रूढ झालेले हे नाव. इझ्राएलमध्ये हाच काळ स्वातंत्र्ययुद्धाचा म्हणून ओळखला जातो.

हा शब्द या अर्थाने रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः सिरियन इतिहासकार कॉन्स्टंटिन झुरैक यांना दिले जाते. ऑगस्ट १९४८ मध्ये, युद्ध चालू असतानाच, त्यांनी बैरूतमधून प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेच्या नावातच तो होता. मात्र वापर त्याहून जुना आहे. अरब लोक १९२० या सालाला ‘नकबाचे वर्ष’ म्हणत, असे जॉर्ज अँटोनियस यांनी १९३८ मध्येच नोंदवले होते. तेथे संदर्भ होता तो ब्रिटन व फ्रान्स यांनी केलेल्या अरब प्रदेशाच्या वाटणीचा. झुरैक यांचा रोखही मुख्यतः अरब राज्यांच्या पराभवावर होता. निर्वासितांच्या अनुभवाशी हा शब्द घट्ट बांधला गेला तो पुढील दशकांत. १५ मे हा नकबा दिन म्हणून अधिकृतपणे पाळण्याची प्रथा १९९८ पासूनची.

झायोनवाद आणि त्याचे दोन अर्थ. ‘झायोनवाद’ (पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचे राष्ट्रीय घर उभारू पाहणारी चळवळ) ही संज्ञा नाथान बिर्नबाउम यांनी १८९० च्या सुमारास घडवली असे मानतात. चळवळीची मुळे मात्र १८८१ नंतर रशियन साम्राज्यात ज्यूंवर झालेल्या हल्ल्यांत आहेत. लिओन पिन्स्कर यांची पुस्तिका १८८२ ची, थिओडोर हर्झल यांची १८९६ ची; १८९७ मध्ये बाझेल येथे पहिली झायोनवादी काँग्रेस भरली. छळलेल्या लोकांची राष्ट्रीय चळवळ, हा तिचा एक अर्थ. फायेझ सायेघ (१९६५) व माक्सीम रोदँसाँ (१९६७) यांनी तिच्याकडे वसाहतवादाचा एक प्रकार म्हणून पाहिले. गेर्शोन शाफीर यांनी १९८९ मध्ये जमीन आणि मजुरी यांच्या व्यवहारातून या दृष्टीला भक्कम पुरावा दिला. हे अर्थ एकमेकांना छेद देतात असे मानण्याचे कारण नाही. रशियातून जीव वाचवून आलेला माणूस खराच निराधार होता. आणि १९२० च्या दशकात बैरूतच्या सुरसुक घराण्याकडून इझ्रेल खोऱ्यातील जमीन विकत घेतली गेली, तेव्हा ती पिढ्यान्‌पिढ्या कसणारी कुळे उठवली गेली, हेही तितकेच खरे.

‘लोकांविना देश, देशाविना लोकांसाठी’ हे घोषवाक्य झायोनवाद्यांच्या तोंडी घालण्याची सवय आहे. त्याचा उगम बहुधा ख्रिस्ती धर्मोपदेशकांत आहे. स्कॉटिश पाद्री अलेक्झांडर कीथ यांच्या १८४३ च्या लेखनात त्याचे जवळचे रूप आढळते आणि पुढे लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्याकडेही. ब्रिटिश ज्यू लेखक इस्रायल झँगविल यांनी ते १९०१ मध्ये वापरले. झायोनवादी लेखनात ते कितपत प्रचलित होते याविषयी मतभेद असून, ते फारसे वापरात नव्हते हे मत अधिक ग्राह्य दिसते. देश रिकामा नाही याची जाणीव तर आरंभापासूनच होती. ज्यू विचारवंत अहद हआम यांनी १८९१ मध्ये पॅलेस्टाइनला जाऊन आल्यावर लिहिले की, तेथे पडीक जमीन सहजासहजी सापडत नाही. जेरूसलेमचे माजी महापौर युसुफ अल-खालिदी यांनी १ मार्च १८९९ रोजी फ्रान्सचे मुख्य रब्बी झादोक कान यांना पत्र लिहिले. ज्यूंचा या भूमीवरील ऐतिहासिक हक्क त्यात मोकळेपणाने मान्य केला आहे, आणि शेवटी विनवणी आहे : देवाच्या नावाने, पॅलेस्टाइनला शांत राहू द्या. पत्र हर्झल यांच्याकडे पोचले; त्याच महिन्यात त्यांनी उत्तर दिले. या वादाचा पुढचा शंभर वर्षांचा इतिहास वाचून झाल्यावर हे पत्र पुन्हा वाचणे जड जाते.

स्थलांतराची कल्पना. १९२२ च्या शिरगणतीत पॅलेस्टाइनची लोकसंख्या सुमारे ७ लाख ५७ हजार होती. त्यांत ज्यू सुमारे ८४ हजार, म्हणजे ११ टक्के. १९४७ पर्यंत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या जवळ गेले. १९३७ मध्ये ब्रिटिश सरकारच्या पील आयोगाने पॅलेस्टाइनची फाळणी सुचवली, तेव्हा ग्रीस व तुर्कस्तान यांच्यातील १९२३ च्या लोकसंख्येच्या अदलाबदलीचा दाखला देऊन सुमारे सव्वादोन लाख अरबांना दुसरीकडे हलवण्याचा, म्हणजे त्यांच्या स्थलांतराचाही विचार मांडला. ही कल्पना झायोनवादी नेतृत्वात किती खोल रुजली होती, हा वादाचा गाभा आहे. पॅलेस्टिनी इतिहासकार नूर मसाल्हा तिला धोरणाचा स्थायी भाग मानतात. इझ्राएली इतिहासकार शबताय तेव्हेथ व अनिता शपिरा यांच्या मते ती चर्चेपुरती राहिली. वाद किती बारीक होऊ शकतो याचा नमुना म्हणजे झायोनवादी नेते (पुढे इझ्राएलचे पहिले पंतप्रधान) डेव्हिड बेन-गुरियन यांचे ऑक्टोबर १९३७ मधील मुलाला लिहिलेले पत्र. हस्तलिखितातील काही शब्द खोडलेले आहेत. खोडलेला भाग धरून वाचल्यास ‘अरबांना हाकलण्याची आमची इच्छा नाही आणि गरजही नाही’ असा अर्थ होतो. तो वगळल्यास नेमका उलट. इतिहासकार एफ्रैम कार्श यांनी इझ्राएली इतिहासकार बेनी मॉरिस यांच्यावर केलेल्या टीकेत या ओळीला मोठे स्थान आहे. एका पत्रातील एका ओळीवर इतका भार टाकणे दोन्ही बाजूंनी अनाठायी वाटते.

१९४८. संयुक्त राष्ट्रांनी २९ नोव्हेंबर १९४७ रोजी ३३ विरुद्ध १३ मतांनी पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव केला. दहा देश तटस्थ राहिले. अरब नेतृत्वाने तो नाकारला आणि लगेच यादवी पेटली. १० मार्च १९४८ ची हगाना या ज्यू सशस्त्र संघटनेची ‘दालेत योजना’ (हिब्रू वर्णमालेतील चौथ्या अक्षरावरून) हा सर्वांत वादग्रस्त दस्तऐवज. प्रतिकार करणारी गावे उद्‌ध्वस्त करून रहिवाशांना नियोजित ज्यू राज्याच्या सीमेबाहेर घालवण्याची, आणि प्रतिकार न करणाऱ्या गावांत पहारा बसवण्याची मुभा तिच्यात आहे. वालिद खालिदी यांनी १९६१ मध्ये ती हकालपट्टीची बृहत्‌योजना असल्याचे प्रतिपादन केले. इलान पापे यांनी २००६ मध्ये हेच मत अधिक तीव्रपणे मांडले. योआव गेल्बर आदींच्या मते ती अरब सैन्यांच्या येऊ घातलेल्या आक्रमणाविरुद्धची लष्करी तजवीज होती. मॉरिस यांनी १९८७ च्या सुमारास ‘विस्थापन युद्धातून जन्मले, आराखड्यातून नव्हे’ असा मध्यममार्गी निष्कर्ष काढला. २००४ च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी स्थलांतराच्या विचाराला आधीपेक्षा पुष्कळ जास्त वजन दिले. हे त्यांचे दुसरे मत पुराव्याला अधिक धरून आहे.

गावागणिक कारणे वेगळी होती. ९ एप्रिल १९४८ रोजी दीर यासीन या अरब गावात इर्गुन व लेही या ज्यू सशस्त्र गटांनी केलेल्या कत्तलीचा आकडा त्या वेळी २५४ सांगितला गेला. बीरझैत विद्यापीठाच्या नंतरच्या संशोधनानुसार तो शंभराच्या थोडा वर आहे. बातमीने पसरवलेली दहशत मात्र त्या फुगलेल्या आकड्याचीच होती. चारच दिवसांनी हदस्सा रुग्णालयाकडे निघालेल्या ज्यू ताफ्यावरील अरबांच्या हल्ल्यात ७८ जण मारले गेले. हैफा २१-२२ एप्रिलला ज्यू दलांच्या हाती पडले. ज्यू महापौर शबताय लेवी यांनी थांबण्याची विनंती केली, तरी तेथील अरब पुढाऱ्यांनी शहर सोडण्याचा निर्णय घेतला. लिडा (आजचे लोद) व रामला येथे प्रकार उघड हकालपट्टीचा होता. १२ जुलैच्या आदेशावर यित्झाक राबिन (पुढे इझ्राएलचे पंतप्रधान) यांची सही आहे : रहिवाशांना वयाचा विचार न करता त्वरित घालवावे. बेन-गुरियन यांनी तोंडाने काही न सांगता नुसता हात झटकला, ही राबिन यांची आठवण इझ्राएलमध्ये छापू दिली गेली नाही. ती १९७९ मध्ये अमेरिकन वृत्तपत्रातून बाहेर आली. लिडाचे हजारो लोक भर जुलैच्या उन्हात, पाण्यावाचून, रामल्लाहच्या दिशेने चालत गेले. त्याच आठवड्यात शरण आलेल्या नाझरेथमधील रहिवाशांना मात्र घालवले गेले नाही.

‘अरब सरकारांनी आकाशवाणीवरून लोकांना निघून जाण्यास सांगितले’ हा दावा बराच काळ पाठ्यपुस्तकी सत्य होता. वालिद खालिदी (१९५९) व अर्स्किन चाइल्डर्स (१९६१) यांनी त्या काळच्या प्रसारणांच्या नोंदी तपासल्या. असा सरसकट आदेश त्यांना सापडला नाही. काही गावांतून बायकामुलांना हलवण्याच्या स्थानिक सूचना मात्र निघाल्या होत्या. इझ्राएली लष्करी गुप्तवार्ता विभागाच्या ३० जून १९४८ च्या अहवालाने तोवरच्या निर्गमनाचे सुमारे ७० टक्के श्रेय ज्यू सशस्त्र दलांच्या कारवायांना दिले आहे.

परतीचा प्रश्न. लोक का गेले याविषयी कितीही मतभेद असोत, त्यांना परत येऊ दिले गेले नाही हे कागदावर आहे, आणि प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने विस्थापन कायम झाले ते येथे. १६ जून १९४८ च्या मंत्रिमंडळ बैठकीत परतीविरुद्ध एकमत झाले. ११ डिसेंबरच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९४ क्रमांकाच्या, निर्वासितांना परतू द्यावे असे सांगणाऱ्या ठरावाची अंमलबजावणी झाली नाही. १९५० च्या अनुपस्थितांच्या मालमत्तेविषयीच्या कायद्याने घरे व शेते राज्याकडे गेली. देशातच राहिलेले पण आपल्या गावापासून तुटलेले अरब ‘हजर-गैरहजर’ ठरले. वालिद खालिदी यांच्या संपादनाखालील १९९२ च्या सूचीत ४१८ नष्ट गावे आहेत. लेबननच्या सीमेजवळील इक्रित या ख्रिस्ती गावाला नोव्हेंबर १९४८ मध्ये दोन आठवड्यांपुरते बाहेर पडण्यास सांगितले होते. जुलै १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी नाताळच्या सुमारास सैन्याने घरे सुरुंग लावून पाडली. चर्च तेवढे उभे राहिले.

निर्वासितांची संख्या इझ्राएलने सुमारे ५ लाख २० हजार, अरब बाजूने ९ लाखांपर्यंत, तर संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक पाहणी मंडळाने ७ लाख २६ हजार धरली. सुमारे दीड लाख अरब इझ्राएलमध्ये राहिले. जेरूसलेमच्या जुन्या शहरातील ज्यू वस्तीही मे १९४८ मध्ये रिकामी झाली, आणि पुढील काळात अरब देशांतून काही लाख ज्यू बाहेर पडले. त्यांपैकी बहुसंख्य इझ्राएलमध्ये आले. हे निर्गमन नकबाच्या बदल्यात मोजावे की स्वतंत्र अन्याय म्हणून पाहावे, हा वेगळा वाद आहे.

भारतातील पडसाद. फाळणीच्या ठरावाविरुद्ध मत देणाऱ्या १३ देशांत भारत होता. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी समितीतील भारताचे प्रतिनिधी सर अब्दुर रहमान यांनी इराण व युगोस्लाव्हियासह संघराज्याचा पर्याय मांडला होता. गांधीजींनी नोव्हेंबर १९३८ मध्ये अरबांचा हक्क उचलून धरला, वि. दा. सावरकरांनी डिसेंबर १९४७ मध्ये ज्यू राज्याच्या निर्मितीचे स्वागत केले. भारताने इझ्राएलला मान्यता दिली ती १७ सप्टेंबर १९५० रोजी. कोकणातून व मुंबईतून गेलेल्या मराठीभाषक बेने इस्रायली ज्यूंची वस्ती बीरशेबा, दिमोना, अश्दोद यांबरोबरच लोद व रामला येथेही झाली.

साधने. १९८० च्या दशकात इझ्राएली दफ्तरखाने खुले झाल्यामुळे मॉरिस, आवी श्लाइम व पापे या ‘नव्या इतिहासकारां’चे लेखन शक्य झाले. अरब राज्यांची दफ्तरे बहुतांशी बंदच आहेत, त्यामुळे त्या बाजूच्या निर्णयांविषयीचे लेखन तोकडे राहते. इझ्राएलमध्येही एकदा पाहायला मिळालेले काही कागद पुन्हा बंद करण्यात आल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले. गावकऱ्यांच्या तोंडी साक्षींना मॉरिस जवळजवळ स्थान देत नाहीत. पॅलेस्टिनी अभ्यासक त्यांवरच भर देतात. लिडाच्या वाटेवर किती माणसे दगावली, याचे अंदाज या दोन प्रकारच्या साधनांत आजही जुळत नाहीत.