महाराष्ट्रातील गणित शिक्षण

महाराष्ट्रातील शाळा, कनिष्ठ महाविद्यालये व विद्यापीठे यांमधून होणारे गणिताचे अध्ययन आणि अध्यापन. पहिली ते दहावी हा विषय सर्वांना सक्तीचा आहे. शालेय शिक्षणाची पहिली दहा वर्षे प्रत्येक मुलाने गणित शिकावे, ही कोठारी आयोगाची (१९६४–६६) शिफारस त्यामागे आहे. अकरावीपासून शाखेनुसार तो निवडता किंवा सोडता येतो. या प्रवासात मुले मागे पडतात ती बहुधा एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर जाताना: तोंडी येणारी संख्या अंकांत लिहिताना, अंकांच्या जागी अक्षरे आल्यावर, मराठीतून इंग्रजीत जाताना आणि उत्तर काढण्याची सवय सोडून सिद्धता मांडण्याची वेळ आल्यावर. प्रत्येक टप्पा आतून नीट बांधलेला असतो. दोन टप्प्यांमधल्या सांध्यांकडे मात्र अभ्यासक्रमाचे आणि परीक्षेचे फारसे लक्ष जात नाही.

पूर्वपीठिका

या प्रदेशात गणिताच्या संघटित अध्यापनाचा एक पक्का पुरावा जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापला आणि यादवांच्या मांडलिक निकुंभ राजांनी १२०७ मध्ये त्याला दान दिले. मठाच्या खर्चासाठी कोणत्या मालावर किती उत्पन्न लावून दिले, हा तपशील लेखात जुन्या मराठीत आहे. ‘लीलावती’ (११५०) ज्या परंपरेतून शिकवली जात होती, तिच्या खर्चाची तरतूद आजही दगडावर वाचता येते. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख उजेडात आणला.

गावोगावच्या पंतोजींच्या शाळांतले गणित वेगळे होते. ते व्यवहाराचे, तोंडी आणि पाठांतराचे होते. मुले धुळपाटीवर अंक गिरवत आणि संध्याकाळी एका सुरात उजळणी म्हणत. ‘बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा’ येथपासून सुरू होणारे पूर्णांकांचे पाढे ही केवळ सुरुवात असे. त्यापुढे अपूर्णांकांचे पाढे येत: पावाच्या पटींची पावकी, अर्ध्याची निमकी, पाऊणची पाऊणकी, मग सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनच्या पटींची औटकी. सात आणे हात दराने साडेतीन हात कापड घेतले, तर साडेचोवीस आणे हे उत्तर औटकी पाठ असणाऱ्याला पाटी न घेता देता येई. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि शेर-पायलीची मापे चालू होती तोवर या पाढ्यांना बाजारात रोजचे काम होते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजनमापे आली आणि अपूर्णांकांचे पाढे शाळेतून मागे पडले. ते पाठ असणाऱ्या माणसाला पाव आणि पाऊण या एक किंवा दोन यांच्याइतक्याच सरळ संख्या वाटत. आज पाचवी-सहावीत अपूर्णांक हे अंशछेदाचे नवे चिन्ह म्हणून समोर येतात आणि अनेक मुलांना ते संख्या वाटतच नाहीत. पावकी परत आणण्याची गरज नाही, पण तिने साधलेली ही ओळख दुसऱ्या कोणत्या तरी मार्गाने मुलांपर्यंत पोचायला हवी.

मराठीतून आधुनिक गणित

१८२० च्या दशकात मुंबईत शालेय पुस्तके तयार करण्याचे काम सुरू झाले. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी शास्त्र्यांच्या साहाय्याने अंकगणित, बीजगणित आणि भूमितीवरचे इंग्रजी ग्रंथ मराठीत आणले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर (१८१२–४६) हे एल्फिन्स्टन संस्थेत गणित शिकवत. त्यांनी कलनशास्त्रावर ‘शून्यलब्धि’ हे मराठी पुस्तक लिहिले. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये निघाले, त्याच्या आधीच कलनासारखा विषय मराठीतून मांडण्याची हिंमत कोणी केली होती, ही गोष्ट आजच्या विद्यार्थ्यांना सहसा सांगितली जात नाही. जांभेकरांचे शिष्य केरो लक्ष्मण छत्रे (१८२५–८४) यांनी अंकगणित व पदार्थविज्ञानाची मराठी पुस्तके लिहिली आणि पुण्यात गणित शिकवले. लोकमान्य टिळक हे त्यांचे विद्यार्थी.

दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, म्हणजे तेथील गणिताच्या पदवी परीक्षेत पहिले आले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. परत येऊन त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवले व तेथील प्राचार्यपद सांभाळले. ‘रँग्लर’ ही पदवी त्यानंतर मराठी घरांत नावाआधी लावण्याची उपाधी झाली. तिने गणिताला प्रतिष्ठा दिली, पण त्याबरोबर गणित म्हणजे मूठभर हुशारांचा विषय ही समजूतही घट्ट केली.

प्राथमिक टप्पा

पहिली-दुसरीतला मोठा सांधा संख्यानामांचा आहे. मराठीत ‘त्रेसष्ट’ ऐकताना तीन आधी ऐकू येतात आणि साठ नंतर. लिहिताना मात्र सहा आधी येतो. म्हणून त्रेसष्ट सांगितल्यावर ३६ लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. एकोणतीस, एकोणचाळीस ही नावे पुढच्या दशकातून एक वजा करून बनतात, एकोणनव्वदही तसेच. नव्याण्णव मात्र हा नियम मोडते. शंभरपर्यंतची जवळपास प्रत्येक संख्या स्वतंत्र शब्द म्हणून पाठ करावी लागते. कन्नड, तेलुगू, तमिळ या भाषांत दशक आधी येतो, त्यामुळे घरी कन्नड बोलणाऱ्या सीमाभागातल्या मुलाला मराठी शाळेत हा क्रम उलटा करून शिकावा लागतो.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’, ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची पद्धत प्रचलित नावांच्या जोडीने दिली गेली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर (१९४३–२०२३) यांनी तिची कारणे सविस्तर मांडली: जोडाक्षरांची नावे लहान मुलांना जड जातात आणि नावातूनच दशक-एकक कळले तर संख्येची भीती कमी होते. यावर मोठा वाद झाला, विधानसभेतही चर्चा झाली. विरोधकांचा सगळा भर भाषा बिघडेल या काळजीवर होता. वर्गात ३६ आणि ६३ यांची गल्लत करणारे मूल त्या चर्चेत क्वचितच आले. प्रचलित नावे काढून टाकलेली नव्हती आणि शिक्षकाच्या हाती एक जादा वाट दिली होती, हे लक्षात घेता नारळीकरांचा विचार शैक्षणिकदृष्ट्या योग्य होता.

दुसरा अवघड भाग हातच्याचा. बेरजेत हातचा घेणे आणि वजाबाकीत दशक सोडवून एककांना देणे या क्रिया मुले बहुधा यांत्रिकपणे शिकतात. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधल्या (एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील शाळांच्या गटातल्या) जिल्हा परिषद शाळांनी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे, मणी, सुट्टे आणि नोटा यांच्या मदतीने हे काम करून दाखवले. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले आणि २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमात या पद्धतीचा प्रसार झाला. दशकाचा गठ्ठा सोडून त्याचे दहा सुट्टे हातांनी केलेल्या मुलाला वजाबाकीचे कारण कळलेले असते. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या सुमारे ३० टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. त्या भागाकारामागे हीच वजाबाकी आणि हेच स्थानमूल्य असते.

सरावाला नीरस होऊ न देण्याचा उत्तम नमुना देवळालीच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) यांनी दिला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी आणि हीच कृती पुन्हा करत राहावी. ३५२४ घेतली, तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, आणि ८५३२ − २३५८ = ६१७४. त्यापुढे ६१७४ च येत राहते आणि सातपेक्षा जास्त पायऱ्या कधीच लागत नाहीत. चौथीतल्या मुलाला यात वजाबाकीचा भरपूर सराव मिळतो, आणि असे का होते हा प्रश्न पदवीच्या विद्यार्थ्यालाही विचारात पाडतो. कापरेकरांकडे संशोधनाची औपचारिक पदवी नव्हती. आपले शोध ते बहुतेक स्वतःच छापत.

माध्यमिक टप्पा

दहावीला गणिताचे दोन भाग आहेत: भाग १ बीजगणित, भाग २ भूमिती. प्रत्येकी ४० गुणांची लेखी परीक्षा व दोन्हींचे मिळून २० गुण अंतर्गत. उत्तीर्ण होण्यासाठी सर्वसाधारणपणे १०० पैकी ३५ लागतात. इंग्रजी आणि गणित हे नापास होण्याचे ठरलेले विषय, अशी या परीक्षेची ख्याती पिढ्यान्‌पिढ्या आहे. काही वर्षे ‘सामान्य गणित’ हा सोपा पर्याय उपलब्ध होता. तो घेणाऱ्यांची पुढची शास्त्राची वाट बंद होत असे आणि पुढे तो पर्यायच बंद झाला.

बीजगणितात अडचण क्ष येतो तेथे होते. बराच काळ अक्षर म्हणजे ‘शोधायची संख्या’ असते, मग अचानक पदावल्यांत ते कोणतीही संख्या होते. हा बदल पुस्तकात सांगितलेला असतो, पण वर्गात त्यावर थांबायला वेळ नसतो. ‘कंचेभागुबेव’ हे क्रियांच्या क्रमाचे सूत्र सगळ्यांना पाठ असते. कंसाची गरजच का पडली, हे फार थोड्यांना सांगितलेले असते.

भूमिती हा मराठी माध्यमाचा सर्वांत समृद्ध ठेवा आहे. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता या चार शीर्षकांखाली प्रमेय लिहायची शिस्त नववी-दहावीतल्या लाखो मुलांना लागते. काय दिले आहे, काय दाखवायचे आहे, त्यासाठी आकृतीत काय भर घालायची आणि प्रत्येक विधानापुढे कंसात कारण काय लिहायचे, हे त्यांना कळते. एवढ्या लहान वयात युक्तिवादाची अशी उघड मांडणी शाळेतला दुसरा कोणताही विषय मागत नाही. प्रमेये पाठ करून लिहिण्याची प्रथा आहे हे खरे, तरी कारण लिहिल्याशिवाय विधान पुरे होत नाही हा संस्कार त्यातूनही उरतो.

अकरावी-बारावी

येथे दोन गोष्टी एकाच वेळी बदलतात. शास्त्र शाखेचे शिक्षण इंग्रजीतून सुरू होते, म्हणून दहावीपर्यंत काटकोन, कर्ण, त्रिज्या, अवयव या शब्दांत विचार करणाऱ्या मुलाला तेच गणित परक्या शब्दांत ओळखावे लागते. हा धक्का टाळण्यासाठी अनेक मराठी शाळांनी गणित आणि विज्ञान आधीपासूनच इंग्रजीतून शिकवणारा ‘सेमी इंग्रजी’ मार्ग स्वीकारला. त्यात धक्का पुढे न येता आधी येतो, आणि शाब्दिक उदाहरण ज्या भाषेत समजून घ्यायचे ती भाषाच कच्ची असलेल्या मुलाचे नुकसान तेव्हा होते. वरच्या इयत्तांच्या मराठी पुस्तकांतही आता ‘त्रिकोण अबक’ राहिलेला नाही. रोमन अक्षरे आणि आंतरराष्ट्रीय अंक वापरून ही दरी थोडी बुजवली आहे, आणि तो उपाय अधिक शहाणपणाचा आहे.

दुसरा बदल परीक्षेचा. अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या एमएचटी-सीईटी या राज्य परीक्षेच्या गणित प्रश्नपत्रिकेत ९० मिनिटांत ५० बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात. एका प्रश्नाला दोन मिनिटेही मिळत नाहीत. मर्यादा, विकलन, संकलन हे कलनाचे मोठे विचार याच दोन वर्षांत येतात आणि ते बहुतेकांना युक्त्या आणि सूत्रे म्हणूनच भेटतात. पक्ष-साध्य-सिद्धतेची दहावीपर्यंत लागलेली सवय या काळात पूर्ण सुटते.

विद्यापीठीय शिक्षण

ती सवय पदवीच्या पहिल्या वर्षी अचानक परत मागितली जाते. एप्सिलॉन आणि डेल्टा वापरून मर्यादेची व्याख्या समोर येते तेव्हा बारावीला गणितात नव्वदच्या वर गुण मिळवलेला विद्यार्थीही गोंधळतो, कारण त्याला उत्तर काढता येते पण ‘प्रत्येक’ आणि ‘असा एक तरी’ यांचा क्रम बदलला की विधान बदलते हे कोणी दाखवलेले नसते. या गोंधळात अनेकजण विषय सोडतात, तर अनेकजण सिद्धता पाठ करून पदवी मिळवतात.

यावर उपाय करणारे काही चांगले प्रयत्न महाराष्ट्राशी जोडलेले आहेत. मुंबई विद्यापीठात अध्यापन केलेल्या एस. कुमरेसन यांनी १९९३ मध्ये एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) हे उन्हाळी शिबिर सुरू केले. तेथे व्याख्यान देण्यापेक्षा विद्यार्थ्यांना प्रश्न विचारून त्यांच्याकडूनच सिद्धता उभी केली जाते. श्रीराम अभ्यंकर (१९३०–२०१२) यांनी १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान काढले. तेथे शाळकरी मुलांपासून संशोधकांपर्यंत सर्वांसाठी वर्ग चालतात. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ऑलिंपियाडचे काम पाहते. त्या केंद्राच्या सहकार्याने पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचा गणित विभाग पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी माधव गणित स्पर्धा घेतो. संशोधनासाठी मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (१९४५) आणि पुण्याची आयसर (२००६) ही प्रमुख ठिकाणे आहेत. मात्र या सर्वांचा लाभ मुख्यतः मुंबई-पुण्यापर्यंत पोचू शकणाऱ्यांनाच होतो.

शिक्षकांची घडण

प्राथमिक शिक्षक होण्यासाठी बारावीनंतर शिक्षणशास्त्राची पदविका करावी लागते. बारावी कोणत्याही शाखेची चालते. त्यामुळे दहावीनंतर गणित सोडलेली, कदाचित त्याला घाबरूनच सोडलेली व्यक्ती पहिलीत स्थानमूल्य आणि पाचवीत अपूर्णांक शिकवते. पदविकेत गणिताच्या अध्यापनपद्धती असतात, पण गणिताशी नव्याने ओळख करून घ्यायला पुरेसा वेळ त्यात नाही. दुसऱ्या टोकाला विद्यापीठातला प्राध्यापक शालेय वर्गात काय घडते ते क्वचितच पाहतो. मंगला नारळीकरांसारख्या संशोधनाची पार्श्वभूमी असलेल्या गणितज्ञ दुसरीच्या पुस्तकासाठी बसल्या, असे प्रसंग थोडे आहेत. पाठ्यपुस्तक मंडळ, शिक्षण पदविका विद्यालये आणि विद्यापीठांचे गणित विभाग यांच्यात नियमित देवाणघेवाणीची पक्की व्यवस्था अजून उभी राहिलेली नाही.