सगोत्र जोडी, अरुंद रस्ता

२०२२ च्या उन्हाळ्यात बारावीची परीक्षा उरकून भाचा आमच्याकडे पुण्याला आला, तो खिशात घडी घातलेलं कोटेशन घेऊनच. गेमिंगसाठी कॉम्प्युटर असेम्बल करायचा होता आणि गावाकडच्या दुकानदाराने यादी लिहून दिली होती. रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर आणि रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे ग्राफिक्स कार्ड, दोन्ही एएमडीची. "मामा, दुकानवाले काका म्हणाले, एकाच कंपनीची घेतली की दोघं एकमेकांशी नीट बोलतात. इंटेलवर हे कार्ड लावलंस तर अर्धा परफॉर्मन्स वाया."

लग्न जुळवताना सगोत्र निघालं की आपल्याकडे स्थळ बाजूला पडतं. कॉम्प्युटरच्या बाजारात उलटं, सगोत्र असलं की छत्तीसच्या छत्तीस गुण! हा समज त्या एका दुकानापुरता नाही. गेम खेळणारी पोरं तर 'लाल टीम', 'निळी टीम', 'हिरवी टीम' अशाच भाषेत बोलतात. एएमडी लाल, इंटेल निळी, एनव्हिडिया हिरवी. भाच्याच्या यादीतली गंमत अशी की ती लाल-लाल जोडी त्या कार्डाचा गळा आवळणारी होती. तेच कार्ड इंटेलच्या त्या वेळच्या नव्या आणि स्वस्त प्रोसेसरवर जास्त मोकळेपणाने चाललं असतं. काकांच्या सल्ल्याच्या बरोब्बर उलट.

असं का, ते समजायला आधी प्रोसेसर आणि कार्ड काम कसं वाटून घेतात ते बघू. आमच्याकडे पुरणपोळ्यांच्या दिवशी आई लाटायची आणि काकू भाजायची. गेममध्ये लाटायचं काम प्रोसेसरचं. शत्रू कुठे सरकला, गोळी कुठे लागली, या क्षणी पडद्यावर काय काय दिसायला हवं, याचा हिशेब करून तो 'हे काढ, ते काढ' अशा हुकमांची यादी तयार करतो. भाजायचं काम कार्डाचं. ते त्या यादीवरून लाखो ठिपके रंगवून चित्र पुरं करतं. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्रासाठी दोघांच्या हाती जेमतेम १६.७ मिलिसेकंद असतात. लाटणारी हळू असली तर तवा नुसता तापत बसतो. भाजणारी हळू असली तर लाटलेल्या पोळ्या कागदावर साठत जातात. एकूण वेग ठरतो तो दोघींतल्या संथ असेल तिच्यावर. दोघी एकाच माहेरच्या आहेत की नाहीत, याचा पोळ्यांच्या संख्येशी काही संबंध नाही.

कोण संथ आहे हे मात्र कायमचं ठरलेलं नसतं. १०८० पी पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, फोर-के वर सुमारे ८३ लाख. म्हणजे पोळी चौपट मोठी झाली. कार्डाचं काम तेवढं वाढतं, प्रोसेसरची यादी जवळपास तेवढीच राहते. म्हणून घरच्या घरी एक सोपी परीक्षा करता येते. गेमचं रेझोल्यूशन उतरवून बघा. चित्रांची संख्या वाढली तर कार्ड दमत होतं, ढिम्म हलली नाही तर प्रोसेसर. ही परीक्षा केल्याशिवाय नवं कार्ड घेणारे बरेच जण मला माहीत आहेत. त्यात एक मीही.

आता दोघांमधलं बोलणं. प्रोसेसर आणि कार्ड यांच्यामध्ये जो रस्ता असतो, त्याला पीसीआय एक्स्प्रेस म्हणतात. हे मानक २००३-०४ च्या सुमाराला व्यवहारात आलं आणि ते कुठल्या एका कंपनीच्या मालकीचं नाही. पीसीआय-सिग नावाची संघटना ते ठरवते आणि इंटेल, एएमडी, एनव्हिडिया तिघीही तिच्या सदस्य आहेत. यूपीआयचं उदाहरण घ्या. तुमचं खातं एका बँकेत, चहावाल्याचं दुसऱ्या, तरी दहा रुपये पोचतातच. दोघांची बँक एकच असली म्हणून चहा लवकर मिळत नाही.

या रस्त्याच्या दोनच गोष्टी महत्त्वाच्या. लेन किती आणि पिढी कितवी. तिसऱ्या पिढीत एका लेनवरून एका दिशेने सेकंदाला साधारण १ गिगाबाइट माहिती जाते, चौथीत २, पाचवीत ४. मोठ्या कार्डांना १६ लेन असतात, तेव्हा एखादी पिढी मागे राहिलात तरी बहुतेक गेममध्ये फारसं काही जाणवत नाही.

भाच्याच्या कार्डाला मात्र चारच लेन होत्या. कार्ड चौथ्या पिढीचं, म्हणजे रस्ता सेकंदाला ८ गिगाबाइटचा. आणि ५६००जी हा प्रोसेसर तिसऱ्या पिढीवरच थांबलेला! नावातल्या त्या 'जी'चा अर्थ प्रोसेसरच्या पोटातच छोटं ग्राफिक्स आहे. त्याची चिप लॅपटॉपच्या चिपांच्या घराण्यातली, त्यामुळे 'एक्स' लावलेल्या ५६००एक्स या भावाला चौथी पिढी मिळाली आणि 'जी'ला नाही. परिणाम, रस्ता ४ गिगाबाइटवर आला. त्यात कार्डावर मेमरी फक्त ४ जीबी. आजचे गेम तेवढ्यात मावत नाहीत. उरलेला पसारा कॉम्प्युटरच्या रॅममध्ये जातो आणि लागेल तेव्हा त्याच रस्त्याने ओढून आणावा लागतो. कार्डाला स्वतःच्या मेमरीतून सेकंदाला १४४ गिगाबाइट मिळतात, रॅममधलं हवं असेल तर ४. खेळताना हे कसं दिसतं? चित्रांची सरासरी बरी असते, पण कोपऱ्यावर वळलं की क्षणभर सगळं गोठतं, भिंती आधी धुरकट दिसतात आणि मग स्पष्ट होतात. त्याच सुमाराला आलेल्या इंटेलच्या कोअर आय३ १२१००एफ या चार कोअरच्या स्वस्त प्रोसेसरवर त्या कार्डाला चौथ्या पिढीचा रस्ता पुरेपूर मिळत होता.

तरीही दुकानवाल्या काकांना पूर्ण खोटं पाडता येत नाही. त्यांच्या समजाला एक खरंखुरं मूळ आहे, आणि ते एएमडीनेच पेरलेलं आहे.

२८ ऑक्टोबर २०२० ला एएमडीने रेडिऑन ६००० मालिका जाहीर केली, तेव्हा स्मार्ट ॲक्सेस मेमरी नावाचं एक वैशिष्ट्य पुढे केलं. रायझन ५००० चा प्रोसेसर, ५०० मालिकेचा मदरबोर्ड आणि रेडिऑन ६००० चं कार्ड, तिन्ही घरचं असेल तरच ते चालणार होतं. आपला तो बाब्या! बत्तीस बिटांच्या जुन्या जमान्यात प्रोसेसरला एकूण ४ जीबीचाच पत्ता लिहिता यायचा, म्हणून कार्डाच्या मेमरीत डोकवायला त्याला २५६ एमबीची खिडकी दिलेली असे. कार्डावर १६ जीबी मेमरी आली तरी खिडकी तेवढीच राहिली. प्रोसेसर ती सरकवत सरकवत काम करायचा, रेशनच्या दुकानात अख्खं गोदाम भरलेलं असूनही माल त्या एका झरोक्यातून यावा तसं. स्मार्ट ॲक्सेस मेमरीने खिडकी काढून दारच उघडलं. फायदा गेमप्रमाणे वेगळा. कुठे शून्य, बऱ्याच ठिकाणी थोडेसे टक्के, मोजक्या गेममध्ये दहा-बारा टक्के, आणि काही गेममध्ये चक्क तोटा.

पण हे दार एएमडीने एकटीने बनवलेलं नव्हतं. पीसीआय-सिगच्या मानकात रिसाइझेबल बार या नावाने ते २००८ पासून पडून होतं. जाहिरात झाल्यावर काही आठवड्यांतच मदरबोर्ड बनवणाऱ्यांनी इंटेलच्या बोर्डांवर ते चालू करून दाखवलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० बरोबर ते आलं, मार्चअखेर त्या मालिकेतल्या बाकीच्या कार्डांनाही मिळालं, इंटेल आणि एएमडी दोन्ही प्रोसेसरांवर. म्हणजे सगोत्र असण्याचा खास फायदा टिकला तो फार तर चार-पाच महिने. समज मात्र अजून टिकून आहे. आज तपासायचं ते एवढंच की बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, हे चालू आहे की नाही. बऱ्याच जुन्या बोर्डांवर ते बंदच पडलेलं असतं.

इंटेलच्या आर्क कार्डांना तर हे दार लागतंच. ते नसेल तर त्यांचा वेग चांगलाच कोसळतो आणि इंटेल स्वतःच तसं सांगते. म्हणजे इंटेलच्याच जुन्या, दार नसलेल्या प्रोसेसरपेक्षा एएमडीचा नवा रायझन आर्कला जास्त मानवतो. डिसेंबर २०२४ मध्ये आर्क बी५८० आलं, तेव्हाही परीक्षकांना हेच दिसलं. या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे हुकमांची यादी कार्डाला कळेल अशा भाषेत मांडणारं सॉफ्टवेअर, प्रोसेसरकडून फार राबवून घेत होता. त्यामुळे जुन्या रायझनबरोबर कार्ड मागे पडलं, तसंच इंटेलच्या जुन्या कोअर आय५ बरोबरही. घरचा म्हणून सवलत नाही.

एनव्हिडियाकडे बघितलं तर सगळा प्रश्नच निकालात निघतो. आपण घरच्या विंडोज डेस्कटॉपमध्ये बसवतो तसे प्रोसेसर ही कंपनी विकत नाही. म्हणजे तिचं जीफोर्स कार्ड बसलेला प्रत्येक डेस्कटॉप आंतरगोत्रीयच. सगोत्रपणाला वजन असतं तर ही कार्डं कायम लंगडी धावली असती. प्रत्यक्षात नव्या जीफोर्स कार्डाची परीक्षा घ्यायची झाली की परीक्षक बहुधा एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी लावतात, कारण त्याच्या पोटातल्या ९६ एमबी कॅशमुळे, म्हणजे हाताशी ठेवलेल्या झटपट मेमरीमुळे, लाटणारी कमी पडत नाही.

सगोत्र जोडीला घरगुती सवलती मिळतात, नाही असं नाही. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच थाळीत जेवतात, वीज आणि थंडावा दोघांत वाटून घ्यावा लागतो. एएमडीच्या स्मार्टशिफ्टने २०२० मध्ये ही वाटणी हुशारीने करायला सुरुवात केली. पण एनव्हिडियाचं डायनॅमिक बूस्ट तसंच काम इंटेल आणि एएमडी दोन्ही प्रोसेसरांबरोबर करतं. इंटेलचं डीप लिंक प्रोसेसरमधलं छोटं ग्राफिक्स आणि आर्क कार्ड दोघांना मिळून व्हिडिओ एन्कोड करायला लावायचं. कल्पना छान होती, पण २०२५ मध्ये इंटेलने तिचं पुढचं काम थांबवलं.

व्हिडिओवरून आठवलं. लग्नाची शूटिंग एडिट करणाऱ्यांनी तर गोत्र मोडूनच संसार थाटला. नव्या कॅमेऱ्यांतलं ४:२:२, १०-बिट एचईव्हीसी (रंगांचा जास्त तपशील ठेवणारं, दाबून साठवलेलं) फुटेज एनव्हिडियाच्या कार्डांना आरटीएक्स ५० मालिका येईपर्यंत स्वतः उलगडता येत नव्हतं. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधलं छोटं ग्राफिक्स मात्र ते लीलया उलगडतं. म्हणून इंटेलचा प्रोसेसर आणि एनव्हिडियाचं कार्ड ही त्यांची लाडकी जोडी. एक फुटेज उलगडतो, दुसरं इफेक्ट चढवतं.

आणि २०१८ साली इंटेल आणि एएमडी या हाडवैऱ्यांनी एकाच पॅकेजवर संसार केला होता. इंटेलचा प्रोसेसर, शेजारी एएमडीचं रेडिऑन व्हेगा एम, बोटाएवढ्या अंतरावर. तिथेही दोघं बोलायचे ते पीसीआय एक्स्प्रेसच्याच आठ लेनमधून. जोडी वेगाला उत्तम होती. तिचा त्रास पुढे निघाला तो ड्रायव्हर कोणी सांभाळायचा यावरून, भावकीच्या सामाईक विहिरीसारखा.

मग कंपनी एक असण्याने खरोखर फरक कुठे पडतो? कंपनी स्वतःचा रस्ता बांधते तिथे. एनव्हिडियाच्या ग्रेस हॉपर नावाच्या चिपमध्ये तिचाच प्रोसेसर आणि तिचंच जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स चिप, दोन्ही दिशा मिळून सेकंदाला ९०० गिगाबाइटच्या दुव्याने जोडलेले आहेत, दोन्ही दिशा धरल्या तर पाचव्या पिढीच्या सोळा लेनच्या सुमारे सातपट. पण इथेही काम करतो तो रस्ताच. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत २०१८ साली समिट नावाचा महासंगणक बसला, तो आयबीएमचे पॉवर९ प्रोसेसर आणि एनव्हिडियाचे जीपीयू यांचा. कंपन्या वेगळ्या, पण मधला रस्ता एनव्हिडियाच्याच एनव्हीलिंकचा. त्या जूनमध्ये तो जगात पहिला आला.

पुण्यातलंच उदाहरण घ्यायचं तर सी-डॅक या सरकारी संस्थेचा परम सिद्धी-एआय हा महासंगणक. नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत तो ६३वा होता. तो एनव्हिडियाच्या डीजीएक्स ए१०० यंत्रांचा बनलेला आहे, आणि त्या प्रत्येक यंत्रात एनव्हिडियाचे आठ जीपीयू आणि दोन प्रोसेसर, तेही एएमडीचे एपिक! ग्राफिक्सच्या धंद्यात जिच्याशी रोजची झुंज, तिचेच प्रोसेसर एनव्हिडियाने आपल्या महागड्या यंत्रात बसवले. त्या वेळी एपिककडे चौथ्या पिढीचा रस्ता होता, इंटेलच्या झिऑनकडे नव्हता.

हे सगळं भाच्याला सांगितलं. त्याने निम्मं ऐकलं, पण यादी बदलली. आय३ १२१००एफ आणि कार्ड तेच. दिवाळीत त्याने व्हॉट्सॲपवर दोन स्क्रीनशॉट पाठवले. एक त्याच्या कॉम्प्युटरचा, दुसरा मित्राच्या, ज्याने जुनी लाल-लाल यादी जशीच्या तशी घेतली होती. जीपीयू-झेड नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये बस इंटरफेस अशी एक ओळ असते. कार्ड रिकामं बसलं असेल तर ते वीज वाचवायला रस्त्याचा वेग उतरवतं, म्हणून शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून आधी त्याला थोडं कामाला लावावं लागतं. पोराने तेवढं बरोबर केलं होतं. कार्ड दोघांचं एकच. त्याच्या ओळीत शेवटी चार लेन, ४.० असं होतं. मित्राच्या ओळीत चार लेन, ३.०. त्या ३.० भोवती त्याने लाल गोल काढला होता.